दोन बरण्या, एकच आवाज: जॅम भरताना फुटलेल्या काचेचं प्रकरण

खाली मांडलेलं प्रकरण एका विशिष्ट कारखान्याचं नाही. कोकणात आंब्याच्या हंगामात चालणाऱ्या छोट्या जॅम-लाइनवर जे घडतं, त्यातून बांधलेलं आहे. वेळा आणि वजनं त्याच मापाची धरली आहेत, म्हणजे हिशोब हाताशी राहतो.

लाइन अशी. रिकाम्या काचेच्या बरण्या टेबलावरून पट्ट्यावर येतात, रिन्सरमध्ये उलट्या होऊन गरम पाण्याने धुतल्या जातात आणि सरळ होऊन सहा नळ्यांच्या फिलरखाली जातात. तिथे 88 अंशांचा आंब्याचा जॅम भरला जातो. पुढे झाकण बसवायचं मशीन, मग थंड करायचा बोगदा आणि शेवटी लेबलचं टेबल. वेग मिनिटाला 36 बरण्या. एका बरणीत 500 ग्रॅम जॅम, रिकाम्या बरणीचं ठरलेलं वजन 215 ग्रॅम, व्यास 75 मिलिमीटर. एक्स-रे मशीन नाही. मेटल डिटेक्टर असता तरी उपयोग नव्हता, त्याला काच दिसत नाही.

या लाइनीत ज्याची भीती बाळगायची तो भाग फार लांब नाही. रिन्सरपासून फिलरपर्यंत 2.4 मीटर आणि फिलरपासून झाकणाच्या मशीनपर्यंत 1.6 मीटर. एवढ्या चार मीटरमध्ये बरण्यांची तोंडं उघडी असतात. 75 मिलिमीटरच्या हिशोबाने 32 रिकाम्या आणि 21 भरलेल्या, एकूण 53 बरण्या कोणत्याही क्षणी आ वासून उभ्या असतात. जमिनीवर पडलेली काच माणसाच्या पायाला लागेल, पण ग्राहकाच्या तोंडात जाणारी काच या 53 तोंडांतून जाते.

दुपारी 2 वाजून 10 मिनिटं

फिलरखाली ‘टक्’ असा आवाज झाला आणि चौथ्या नळीखालची बरणी तळापासून सुटली. तळ पट्ट्यावर बसून राहिला, वरचा नळा कलला आणि अर्धा किलो जॅम पट्ट्यावर पसरला. ऑपरेटरने लाल बटण दाबलं. इथपर्यंत सगळं ठीक.

पुढच्या अर्ध्या मिनिटात प्रकरण बिघडलं. मदतनिसाने भिंतीवरचा पाण्याचा पाइप ओढला आणि पट्ट्यावर दहा-पंधरा सेकंद पाणी मारलं. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. जॅम गार झाला की पत्र्याला धरून बसतो, मग खरवडत बसावं लागतं. रोज जॅम सांडतो आणि रोज पाइपच मारला जातो. हाताला लागलेली सवय होती.

पण काच फुटलेली असताना हा चिकट जॅमच आपला सगळ्यात चांगला मदतनीस असतो. जॅम घट्ट करणारं फळातलं पेक्टिन गार होताना थिजतं आणि त्यात पडलेले साखरेच्या दाण्याएवढे टवकेसुद्धा डिंकात अडकल्यासारखे जागच्या जागी राहतात. पंधरा-वीस मिनिटं नुसतं थांबलं, की तो थर प्लास्टिकच्या खरवडणीने पोळीसारखा उचलता येतो, काचेसकट. पाणी मारलं की जॅम पातळ होतो, टवके सुटतात आणि पाण्याबरोबर उडतात. कॉम्प्रेसरच्या हवेचंही तसंच. काचेच्या जागी दाबाचं पाणी आणि हवा वापरू नये, ते एवढ्यासाठीच. थांबण्याला आणखी एक साधं कारण आहे: 88 अंशांचा जॅम हाताला चिकटला तर नुसता भाजत नाही, कातडी घेऊन निघतो.

पाणी मारलं नसतं तर फिलरभोवती तीन मीटरची हद्द आखून भागलं असतं. आता ती सहा मीटर झाली. त्या हद्दीत उघडा ठेवलेला झाकणांचा खोका आणि जमिनीतली सांडपाण्याची नाली हे सगळं आलं.

हद्द आणि माणसं

सुपरवायझरने पहिला हुकूम दिला तो ‘हलू नका’ असा. साफसफाईचं नंतर बघू, आधी बुटांच्या तळव्याला बसलेली काच हॉलभर जाता कामा नये. पाइप धरलेला मदतनीस, ऑपरेटर आणि झाकणांवर बसलेली बाई, तिघेही उभ्या जागी थांबले. दोरी लावून हद्द बंद केली. मग एकेकाला हद्दीच्या कडेला आणलं, तिथे प्लास्टिकच्या कागदावर उभं केलं, बुटांचे तळवे बॅटरीखाली तपासले, ओल्या कागदाने पुसले, अ‍ॅप्रन आणि टोपी तिथेच पिशवीत घेतली आणि नवीन कपडे दिले. पँटची खालची मोड उलगडून बघितली. मदतनिसाच्या मोडीत एक टवका सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा.

माणसांकडे लक्ष जातं, चाकांकडे जात नाही. हद्दीत झाकणांची एक ट्रॉली उभी होती. तिची रबराची चाकं मऊ असतात आणि काच त्यात रुतते. ट्रॉली ढकलत बाहेर काढली असती तर पुढचे दोन दिवस काच तिच्याबरोबर हिंडली असती. ती उचलून बाहेर नेली आणि चाकं काढून टाकली.

हिशोब, आणि तो का जुळला नाही

पहिला विचार 53 बरण्या फेकून पुढे जाण्याचा होता. एकच आवाज झाला, एकच बरणी फुटली, लाइन लगेच थांबली, मग मागचा माल कशाला धरायचा? बहुतेक ठिकाणी इथेच विषय मिटतो.

क्वालिटीच्या माणसाने तुकडे गोळा करताना तळ मोजले. बरणीचे तुकडे किती होतील याला नेम नाही, पण तळ एकच असतो आणि उष्णतेने फुटलेली बरणी बहुधा तळ अखंड सोडते. म्हणून तळ मोजणं ही फुटलेल्या बरण्या मोजायची सर्वांत स्वस्त रीत आहे. पट्ट्यावर एक तळ होता. पट्ट्याखालचं जॅम झेलायचं ताट काढलं, तर त्यात दुसरा तळ जॅमखाली बसलेला. दोन्ही तळांवर साच्याचे नंबर वेगळे.

मग नाकारलेल्या बरण्यांचा क्रेट उपसला. त्यात जॅमने बरबटलेली एक बरणी निघाली, वरून धड आणि खालून आरपार. काय झालं असावं हे उघड होतं. आधीची एक बरणी फिलरखाली आवाज न करता तळातून सुटली. बरण्या पुढे सरकवणाऱ्या, ताऱ्याच्या आकाराच्या चाकाने नळा बाजूला ढकलला, तळ फटीतून ताटात गेला. ऑपरेटरला ती नेहमीसारखी ‘आडवी पडलेली बरणी’ वाटली, त्याने ती उचलून क्रेटमध्ये टाकली आणि लाइन चालूच राहिली. ही बरणी नेमकी कधी फुटली हे कळायला काही मार्ग नव्हता. ताट आणि पट्टा शेवटचे पाहून सही झाली होती ती 1 वाजून 45 मिनिटांनी. म्हणजे 25 मिनिटं, मिनिटाला 36, एकूण 900 बरण्या संशयात. दर अर्ध्या तासाच्या सहीचा कंटाळा येतो, पण ती सही नसती तर सकाळपासूनचा सगळा माल धरावा लागला असता.

तुकडे धुऊन, वाळवून वजन केले. दोन बरण्यांचे 430 ग्रॅम भरायला हवे होते, भरले 409. आता 21 ग्रॅम हरवले असं लगेच म्हणता येत नाही, कारण बरण्यांचं वजनच सारखं नसतं. त्याच लॉटच्या वीस रिकाम्या बरण्या तोलल्या, तर त्या 209 ते 221 ग्रॅमच्या दरम्यान निघाल्या. दोन्ही बरण्या सगळ्यात हलक्या धरल्या तरी 418 व्हायला हवेत. म्हणजे कमीत कमी 9 ग्रॅम काच हाती आलेली नाही. काचेची घनता साधारण 2.5, तेव्हा आकारमान साडेतीन घन सेंटिमीटर, लहान चमच्याने पाऊण चमचा. त्यातली काही पुसायच्या कागदांत आणि नालीत गेली असणार, पण किती ते सांगता येत नाही.

या वजनाच्या हिशोबाबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. तो एकाच दिशेने बोलतो. वजन कमी भरलं तर काच बाहेर आहे हे नक्की. पण वजन जुळलं म्हणून काच सगळी सापडली असं ठरत नाही, कारण एक धोकादायक टवका अर्ध्या ग्रॅमचाही नसतो आणि बरण्यांमधला फरकच बारा ग्रॅमचा आहे. ‘तुकडे जुळवून बरणी पूर्ण झाली’ असं लिहून माल सोडलेला दिसतो, तेव्हा तळाच्या कडेचे टवके कोणी जुळवले हे विचारावं.

900 बरण्यांचं काय करायचं

डोळ्यांनी तपासणं बाद. पाकात किंवा व्हिनेगरमध्ये काच चमकते. आंब्याच्या गरात ती दिसत नाही, आणि थिजलेल्या जॅममध्ये ती तळाला बसत नाही, पडली तिथेच लटकते. बाहेरून एक्स-रे करून घेण्याचा पर्याय निघाला. एक्स-रेला काच दिसते हे खरं, पण काचेच्या बरणीतली काच हे त्याचं अवघड काम. तळाचं जाड कडं आणि खांद्याची वळणं यांच्या सावलीत लहान तुकडा लपतो. जॅम बाहेर काढून गरम करून गाळायचा, तर 900 झाकणं उघडताना नवे टवके पडायची धास्ती.

कोणीतरी 7 मिलिमीटरचा मुद्दा काढला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या (एफडीए) मार्गदर्शनात 7 ते 25 मिलिमीटरच्या कठीण, टोकदार वस्तूंचा उल्लेख आहे आणि निर्यात करणाऱ्यांच्या तोंडी तो आकडा असतो. त्याचा अर्थ ‘7 च्या खाली चालतं’ असा लावला जातो, तो चूक. लहान मुलं, म्हातारी माणसं, शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांच्यासाठी त्याहून लहान तुकड्याचाही वेगळा विचार तिथे सांगितलेला आहे. जॅम तर पोरंच खातात.

सगळ्या 900 बरण्या नष्ट करायच्या ठरल्या, म्हणजे साडेचारशे किलो जॅम. शिवाय उघड्या 53, झाकणांचा उघडा खोका आणि फिलरच्या हॉपरमधला, म्हणजे वरच्या टाकीतला, 38 किलो जॅम. पातळी बघण्यासाठी हॉपरचं झाकण वर करून ठेवलेलं होतं, म्हणून तो गेला. रिकाम्या 32 बरण्या परत धुऊन वापरू असा आग्रह झाला, तो मानला नाही. ओल्या काचेला चिकटलेला काचेचा कण रिन्सरच्या फवाऱ्याने निघेलच याची खात्री नसते. पलीकडच्या खोलीतल्या कढईतला जॅम मात्र वाचला. तो तीन तास गरम ठेवला असता तर काळपट झाला असता आणि पेक्टिन मोडून थिजलाच नसता, म्हणून तासाभरात बेकरीच्या पाच किलोच्या बादल्यांत भरून टाकला.

माल कारखान्याबाहेर गेला नव्हता, म्हणून परत मागवायची वेळ आली नाही. गेला असता तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 28 प्रमाणे आणि 2017 च्या परत-मागवणी नियमांप्रमाणे तो मागे घेऊन अन्न सुरक्षा प्राधिकरणाला कळवावं लागलं असतं. अन्नात बाहेरची वस्तू सापडली तर कलम 54 खाली एक लाखापर्यंत दंड आहे, आणि इजा झाली तर गोष्ट असुरक्षित अन्नाच्या शिक्षेच्या कलम 59 पर्यंत जाते.

साफसफाई

काचेचं सामान लाल पेटीत वेगळं ठेवलेलं होतं: कापापासून वाचवणारे हातमोजे, चष्मा, लाल मुठीची प्लास्टिकची खरवडणी आणि सुपली, लांब चिमटा, जाड कागदाचे रोल, रुंद चिकटपट्टी, बॅटरी आणि झाकणाची कडक बादली. पेटीत एक ब्रशही होता, तो वापरून झाल्यावर फेकायचा असतो. ब्रशाच्या केसांत अडकलेली काच धुऊन निघत नाही. तोच ब्रश उद्या दुसरीकडे वापरला की आजची काच तिकडे पोचते. पोछा आणि फडकी तर आणूच नयेत. काच पिशवीत भरायची नाही, पिशवी फाटते आणि उचलणाऱ्याचा हात कापतो.

आत एकच माणूस गेला. दुसरा दोरीबाहेरून सामान देत होता. आत जायला आधी एक मीटर रुंदीची वाट साफ केली. मग मशीन वरून खाली: हॉपरचं झाकण, नळ्या, नळ्यांचं आडवं दांडकं, ताऱ्याच्या आकाराचं चाक, पट्टा, ताट. जमीन सगळ्यात शेवटी, कडेकडून मध्याकडे, म्हणजे न झाडलेल्या जागेवर पाय पडत नाही. मोठे तुकडे चिमट्याने, थिजलेला जॅम खरवडणीने, उरलेलं ओल्या कागदाने. कागदाची घडी एकदाच, एकाच दिशेने ओढायची आणि टाकायची. मागेपुढे घासलं की काच पसरते आणि पत्र्यावर ओरखडे पडतात, त्यात उद्याची घाण बसते. सहा नळ्या सोडवून त्यांच्या रबरी रिंगा नव्या घातल्या.

सर्वाधिक वेळ पट्ट्याने खाल्ला. स्टीलच्या पट्ट्यांची साखळी असते, दोन पट्ट्यांच्या सांध्यात टवके बसतात आणि साखळी खालून परतताना गळतात. म्हणून खाली स्वच्छ ताट धरून, बटण टिचकीटिचकीने दाबत, साखळीची पूर्ण फेरी सांधा-सांधा बघत काढली. ताटात तीन टवके पडले. पाणी मारलं नसतं तर ते तिथे पोचलेच नसते.

बरण्यांना दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांकडे कोणी बघत नाही. त्या मऊ असतात. टवका त्यात रुतला की तो तिथेच राहून पुढच्या प्रत्येक बरणीला ओरखडा काढतो आणि ओरखडलेली बरणी पुढे कुठेतरी फुटते. कापसाचा बोळा चिमट्यात धरून पट्टीवरून फिरवला. दोन ठिकाणी तंतू अडकले. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण तिथे काच होती. पट्टी बदलली.

नालीवरच्या जाळ्या उचलल्या, गाळायची टोपली काढून बादलीत रिकामी केली. मग जमीन कोरडी होऊ दिली, कारण ओली जमीन स्वतःच चमकते आणि काच लपवते. हॉलचे दिवे बंद करून बॅटरी जमिनीला टेकवून आडवा झोत टाकला. वरून उजेड पाडला तर काच दिसत नाही. आडव्या उजेडात कणसुद्धा लुकलुकतो. झाकणाच्या मशीनच्या पलीकडे आणखी एक कण सापडला, फिलरपासून साडेचार मीटरवर.

तपासणी साफ करणाऱ्याने केली नाही, क्वालिटीच्या माणसाने केली. लाइन सुरू करायची सहीही त्याचीच. पहिल्या दहा फेऱ्यांच्या 60 बरण्या भरून त्यातला जॅम गरम असतानाच एक मिलिमीटरच्या जाळीतून ओतून बघितला. काही निघालं नाही. त्या 60 सुद्धा टाकल्या. 5 वाजून 5 मिनिटांनी लाइन सुरू झाली.

फुटल्या का

तडा कसा गेला यावरून कारण कळतं. ठोसा बसून फुटलेल्या बरणीवर एका बिंदूपासून किरणांसारखे तडे निघतात. या दोन्ही बरण्यांचा तडा तळाच्या कडेने गोल, गुळगुळीत गेला होता. ही उष्णतेच्या धक्क्याची खूण. साच्यांचे नंबर वेगळे, म्हणजे एका सदोष साच्याकडे बोट दाखवता येत नव्हतं. कारण लाइनीवरच होतं.

रिन्सरच्या टाकीवरचं मीटर 65 अंश दाखवत होतं. फवाऱ्याचं पाणी मोजलं तर 41. वाफेचा सापळा (वाफेच्या नळीत साचलेलं पाणी बाहेर सोडणारी झडप) तुंबलेला, पंप गार पाणी ओढतोय आणि मीटरची कांडी नेमकी वाफेच्या वेटोळ्याशेजारी. धुऊन बाहेर पडणारी बरणी 33 अंशांची होती. 88 वजा 33, फरक 55. बाटल्या-बरण्यांची उष्णतेच्या धक्क्याची नेहमीची चाचणी 42 अंशांच्या फरकाची असते. चांगली बरणी 55 सुद्धा सोसते, म्हणून सकाळपासून हजारो बरण्या धडपणे गेल्या. आतून गरम झालं की आतली काच फुगते आणि बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो. त्या बाहेरच्या बाजूला तळाच्या कडेवर आधीचा ठेचा असेल, तर तडा तिथून निघतो. बरण्या पट्ट्यावर येतात तिथल्या लोखंडी कडेचं रबर गळून पडलं होतं आणि प्रत्येक बरणीची कड तिथे टेकत होती.

रबर बसवलं, वाफेचा सापळा बदलला, मीटरची कांडी फवाऱ्याच्या नळात हलवली. बरणी 55 अंशांच्या खाली आली तर फिलर सुरूच होणार नाही अशी जोडणी केली. पाण्याच्या पाइपाचं तोंड फिलरच्या भिंतीवरून काढून पलीकडच्या भिंतीवर नेलं. काचेच्या नोंदवहीत एक रकाना वाढला: आडवी पडलेली बरणी, वेळ, तळ आहे की नाही. काही फुटलं नाही त्या शिफ्टलाही ‘फूट नाही’ असं लिहायचं, म्हणजे कोरी ओळ विसरली की खरोखर कोरी होती हा प्रश्न उरत नाही. दुसऱ्या दिवशीच्या पानावर दोन आडव्या बरण्या आहेत, 10 वाजून 20 आणि 3 वाजून 5 मिनिटांच्या. दोन्हींसमोर पेनाने लिहिलंय, ‘तळ आहे’.